एकाच रुग्णाच्या अनेक हो-नाही नोंदींवर लॉजिस्टिक रिग्रेशन कसे बसवावे

समजा, अर्धशिशीच्या रुग्णांच्या चार भेटी झाल्या आणि दर भेटीला "गेल्या आठवड्यात डोके दुखले का?" याचे उत्तर ० किंवा १ असे नोंदले.

एका भेटीला एक ओळ अशी मांडणी करा. ओळी आधी रुग्णानुसार, मग भेटीनुसार लावा. आर या संख्याशास्त्रीय प्रणालीतले जीईईजीएलएम (geeglm) हे फंक्शन लागोपाठच्या ओळींत रुग्णक्रमांक बदलला की नवा क्लस्टर, म्हणजे एका रुग्णाच्या नोंदींचा गट, धरते. ओळी विस्कटलेल्या असतील तर ते तक्रार न करता चुकीचे उत्तर देते.

सगळ्या ओळी स्वतंत्र समजून साधे लॉजिस्टिक बसवू नका. "त्याने प्रमाण त्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचे माप) फक्त लहान येते" हा नेहमीचा सल्लाही अर्धवटच. उपचारगटासारख्या, रुग्णागणिक कायम राहणाऱ्या घटकाची त्रुटी खोटी लहान येते खरी, पण भेटीगणिक बदलणाऱ्या घटकाची उगाच मोठी येऊ शकते.

मग प्रश्न ठरवा. उपचाराने एकूण रुग्णसमूहात दुखण्याचे प्रमाण किती बदलते, हे हवे असेल तर जीईई, म्हणजे समूहाची सरासरी मोजणारी पद्धत. त्याच रुग्णाची शक्यता किती बदलते, हे हवे असेल तर रँडम इंटरसेप्ट, म्हणजे प्रत्येक रुग्णाला स्वतःची पायाभूत पातळी देणारे मॉडेल. दोन्हींचे सहगुणक (घटकाचा परिणाम सांगणारे आकडे) जुळत नाहीत आणि जुळायलाही नकोत. इंटरसेप्टचे व्हेरिअन्स (रुग्णारुग्णांतल्या फरकाचे माप) ४ असेल तर समूहाचा सहगुणक साधारण व्यक्तीचा भागिले √(१ + ०.३४६ × ४), म्हणजे भागिले १.५४. व्यक्तीचा सहगुणक १ असेल तर समूहाचा ०.६५, ऑड्स रेशो (e चा सहगुणकाइतका घात) २.७२ विरुद्ध १.९१. यातला जो आकडा मोठा दिसतो तो निवडणे ही लबाडी आहे.

जीईईचे काम सोपे आहे: एक्सचेंजेबल सहसंबंध (एका रुग्णाच्या कोणत्याही दोन भेटींत सारखाच) घ्या, सँडविच प्रमाण त्रुटी (सहसंबंधाचा अंदाज चुकला तरी टिकणारी) वापरा. क्लस्टर चाळीसच्या आत असतील तर लहान नमुन्याची दुरुस्ती लावा, नाहीतर पी-मूल्ये फाजील आशावादी येतात.

खरी गोम रँडम इंटरसेप्टमध्ये आहे. त्याच्या लाइकलिहूडमधले (मॉडेलनुसार हा डेटा मिळण्याच्या शक्यतेतले) इंटिग्रल नेमके सुटत नाही, म्हणून प्रत्येक प्रणाली अंदाज करते, आणि मूळ सेटिंगवरचा हा अंदाज प्रणालीगणिक वेगळा असतो. आरचे जीएलएमईआर (glmer) लाप्लासची पद्धत वापरते, म्हणजे इंटिग्रल एकाच बिंदूवरून अंदाजते. स्टाटा प्रणालीचे मीलॉजिट (melogit) सात बिंदू घेते. सास प्रणालीचे ग्लिमिक्स (GLIMMIX) मुळात स्यूडो-लाइकलिहूडवर, म्हणजे लाइकलिहूडच्या जागी घेतलेल्या सोप्या बदली सूत्रावर, चालते. रुग्णागणिक तीन-चारच हो-नाही नोंदी आणि रुग्णारुग्णांत मोठा फरक, अशा डेटावर ही शेवटची पद्धत व्हेरिअन्स आणि सहगुणक दोन्ही शून्याकडे ओढते. लाप्लासही इथे डगमगते. तेव्हा मूळ सेटिंगवर आलेले उत्तर छापू नका.

जीएलएमईआरमध्ये एनएजीक्यू (nAGQ, बिंदूंची संख्या) १, ७, १५, २५ असे वाढवत तेच मॉडेल पुन्हा पुन्हा बसवा. सहगुणक आणि इंटरसेप्टचे प्रमाण विचलन शेजारी शेजारी लिहा. दुसऱ्या दशांशापर्यंत आकडा हलेनासा झाला की थांबा. १५ आणि २५ मध्येही फरक पडत असेल तर बिंदू वाढवण्याआधी डेटा बघा: बहुतेक रुग्ण सगळ्या भेटींत ० किंवा सगळ्यांत १ आहेत का? तसे असेल तर व्हेरिअन्स भरकटते, आणि तीस-चाळीसचा आकडा हा शोध नसून इशारा असतो. ग्लिमिक्समध्ये मेथड म्हणून क्वाड्रेचर (अनेक बिंदूंवरून इंटिग्रल काढण्याची पद्धत) स्पष्ट लिहावे लागते. लाप्लासचे लॉग-लाइकलिहूड आणि जास्त बिंदूंचे लॉग-लाइकलिहूड एकमेकांशी ताडू नका. दोन मॉडेलांची तुलना करायची तर दोन्हीकडे पद्धत आणि बिंदू सारखेच ठेवा.

जीएलएमईआरमध्ये एकापेक्षा जास्त बिंदू फक्त एकाच रँडम इंटरसेप्टला चालतात. रँडम स्लोप (प्रत्येक रुग्णाचा वेगळा उतार) घातला की पुन्हा लाप्लास. चार हो-नाही नोंदींतून प्रत्येक रुग्णाचा उतार काढण्याचा हट्टच मुळात सोडा. हवाच असेल तर जीएलएमएम-अ‍ॅडॅप्टिव्ह पॅकेज घ्या.

कन्व्हर्जन्सचा (उत्तर स्थिरावले नसल्याचा) इशारा आला तर आधी वय, दिवस असे मोठे आकडे सरासरी वजा करून प्रमाणित करा, मग बोबिका (bobyqa) हा ऑप्टिमायझर, म्हणजे उत्तर शोधणारी रीत, लावा. इशारा दाबून टाकणे हा उपाय नव्हे.

भेटीगणिक बदलणारा घटक, उदाहरणार्थ झोपेचे तास, तसाच घालू नका. रुग्णाची सरासरी एक स्तंभ आणि त्या सरासरीपासूनचा फरक दुसरा, असे दोन्ही घाला. नाहीतर "कमी झोपणारे रुग्ण" आणि "कमी झोपेचे आठवडे" यांची सरमिसळ एकाच सहगुणकात होते.

गळालेल्या भेटींकडे लक्ष द्या. डोके दुखले म्हणूनच पुढच्या भेटीला न येणारे रुग्ण असतील तर साधी जीईई ढळते. रँडम इंटरसेप्टचे मॉडेल बरोबर असेल तर आधी नोंदलेल्या उत्तरांवर अवलंबून असलेली गळती ते पेलते.

अहवालात सहगुणकाबरोबर इंटरसेप्टचे व्हेरिअन्स, बिंदूंची संख्या आणि ऑड्स रेशो व्यक्तीचा की समूहाचा, हे तिन्ही लिहा.