"ताई, थांब. दोन सीपी." : टायमिंगच्या रूलने मला कसं खाल्लं

आधीच सांगून ठेवते, हे वॉरहॅमर 40,000 या छोट्या मॉडेल आणि फाशांच्या युद्धखेळात ज्यांना हिट-वूंड-सेव्ह (वार लागला का, जखम झाली का, वाचला का, हे फाशांवर ठरवणं) येतं त्यांच्यासाठी आहे. म्हणजे चार-पाच गेम झालेत, फेजचा (टर्नमधल्या टप्प्यांचा) क्रम पाठ आहे, पण समोरचा मधेच हात वर करून "थांब" म्हणाला की पोटात गोळा येतो, अशांसाठी. माझ्या पोटात तर अजून येतो.

आम्ही वॉरहॅमर 40,000 ची दहावी एडिशन खेळतो, 2023 ची. इंदिरानगरला मावशीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर 60 बाय 44 इंचाचा प्लाय टाकायचा, जुन्या गणपतीच्या मखराचं थर्माकोल कापून केलेल्या भिंती मांडायच्या, आणि मावशी चहा घेऊन आली की कप प्लायवर ठेवू नको म्हणून ओरडायचं. माझे स्पेस मरीन (निम्मे थ्रीडी प्रिंट, लाज वाटून घेऊ नका, नाशकात बॉक्स घेऊन आर्मी उभी करायची तर पगार कमी पडेल), आणि मावसभावाचे ऑर्क. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान, इंजिनिअरिंगला, आणि रूल त्याला माझ्यापेक्षा चांगले येतात हे मान्य करायला मला सहा महिने लागले.

तर तो गेम. माझा तिसरा टर्न. मी दोन चार्ज (शत्रूला भिडायला धाव, फाशांवर) टाकले आणि दोन्ही लागले, आनंदीआनंद. माझे दहा असॉल्ट इंटरसेसर त्याच्या बॉयझवर (साधे ऑर्क), आणि माझे तीन ब्लेडगार्ड त्याच्या नॉब्झवर (दांडगे ऑर्क), ज्यांच्यासोबत वॉरबॉस, म्हणजे त्यांचा सरदार, होता. डोक्यात एकच वाक्य, चार्ज करणारा आधी मारतो. म्हणून मी निवांत इंटरसेसर उचलले, कारण बॉयझ मारणं सोपं, सोपं काम आधी उरकू, नॉब्झना नंतर सावकाश बघू. बॉयझ बऱ्यापैकी साफ झाले. मी ब्लेडगार्डसाठी फासे हातात घेतले आणि मावसभाऊ म्हणाला, "ताई, थांब. दोन सीपी."

काउंटर-ऑफेन्सिव्ह, म्हणजे सीपी (कमांड पॉइंट) खर्चून मधेच खेळायच्या स्ट्रॅटेजमपैकी एक. नॉब्झ उठले, पॉवर क्लॉ फिरले, वॉरबॉसने वरून हात धुवून घेतले, आणि माझे तीन ब्लेडगार्ड एकही फासा न टाकता टेबलवरून गेले. फासे माझ्या मुठीतच होते अजून. मी दहा मिनिटं भांडले, की मी चार्ज केलाय, मी आधी. त्याने शांतपणे कोअर रूलची पीडीएफ उघडून पुढे ठेवली.

आता हे नीट सांगते, जरा लांबेल, पण इथेच सगळे मरतात.

दहाव्या एडिशनमध्ये "चार्ज करणारा आधी मारतो" असा रूलच नाही. रूल असा आहे की चार्ज केलेल्या युनिटला (एकत्र चालणाऱ्या मॉडेलच्या गटाला) त्या टर्नपुरतं फाइट्स फर्स्ट मिळतं. फाइट फेजचे दोन भाग, आधी फाइट्स फर्स्टवाली युनिट, मग उरलेली. दोन्ही भागांत खेळाडू आळीपाळीने एकेक युनिट निवडतात, आणि सुरुवात कोण करतं, तर ज्याचा टर्न चालू *नाही* तो. परत वाचा. ज्याचा टर्न नाही तो. बहुतेक वेळा समोरच्याकडे फाइट्स फर्स्टवालं काही नसतं म्हणून तो पास होतो आणि आपल्याला वाटतं की आपण चार्ज केला म्हणून आपला नंबर पहिला. तसं नाहीये. त्याच्याकडे कुणी नव्हतं म्हणून तुमचा नंबर आला. ज्या दिवशी तुम्ही मरीनच्या ज्युडिशियारवाल्या युनिटवर चार्ज कराल त्या दिवशी कळेल, कारण तो ज्या युनिटला लीड करतो त्याला फाइट्स फर्स्ट देतो, मग तुम्ही एवढं धावत जाऊन वर मार पहिला तुम्हालाच.

हा झाला क्रम. आता इंटरप्ट. काउंटर-ऑफेन्सिव्हच्या व्हेन लाइनमध्ये (कधी वापरायचं ते सांगणारी ओळ) लिहिलंय की फाइट फेजमध्ये, शत्रूचं एक युनिट लढून झाल्या झाल्या. म्हणजे खिडकी एकदाच उघडत नाही, तुमचं प्रत्येक युनिट लढून झालं की उघडते. तुम्ही एकच चार्ज केला असेल तर तुमचं युनिट लढलंय, त्यानंतर त्याने दोन सीपी टाकले काय नि नाही काय, फारसा फरक नाही. पण दोन चार्ज केले की पहिलं आणि दुसरं यांच्यामध्ये एक फट पडते, आणि त्या फटीत दोन सीपीचा हात घुसतो. त्याचं युनिट तुमच्या कुणाच्या तरी एंगेजमेंट रेंजमध्ये, म्हणजे भिडलेलं, पाहिजे आणि त्या फेजमध्ये आधी लढलेलं नको, बास. फाइट्स फर्स्ट आहे का, कुणी कुणावर चार्ज केला, हे कुणी विचारत नाही. थेट पुढचा नंबर त्याचा.

मग मी काय करायला हवं होतं? ब्लेडगार्ड आधी. कारण प्रश्न "कोणतं युनिट सोपं मारेल" हा नाहीच, प्रश्न "कोणत्या युनिटला न लढता मार बसला तर मी रडेन" हा आहे. ब्लेडगार्ड आधी लढले असते तर काही नॉब्झ तरी कमी झाले असते, आणि मग त्याने दोन सीपी टाकून उरलेले नॉब्झ फिरवले असते तरी माझे वार तर होऊन गेलेले असते. किंवा त्याने बॉयझ फिरवले असते इंटरसेसरवर, खुशाल फिरव, दोन सीपी त्याला दे दान सुटे गिरान. पण मी सोपं काम आधी केलं. ऑफिसातही मी हेच करते, असो.

अजून एक, सीपी मोजा. समोरच्याचे. प्रत्येक कमांड फेजला दोघांनाही एकेक मिळतो, म्हणजे मी पहिली खेळत होते तर माझ्या तिसऱ्या टर्नपर्यंत दोघांना पाच-पाच मिळून झालेले. त्याने तीन उडवले होते, दोन उरलेले. मी मोजलंच नव्हतं. एक उरला असता तर काउंटर-ऑफेन्सिव्ह नाही, मी कुठल्याही क्रमाने लढले असते. म्हणून त्याला आधी खर्च करू द्या. रिझर्व्हमधून (टेबलबाहेर राखून ठेवलेल्यांतून) उतरलेलं युनिट शत्रूपासून नऊ इंचांच्या बाहेर उतरतं, तर चार्जला दोन फाशांवर नऊ लागतात, ते साधारण 28 टक्के वेळा पडतात, आणि एक सीपी टाकून कमांड री-रोल घेतला तर 48 च्या आसपास. हा मोह कुणाला आवरत नाही. त्याच्या टर्नमध्ये तो हा री-रोल घेत असेल तर गप्प बसून घेऊ द्या.

आणि त्याचं युनिट बॅटल-शॉक (धीर सुटलेलं) असेल तर त्याच्यावर स्ट्रॅटेजम वापरताच येत नाही, म्हणजे इंटरप्ट पण नाही. टेस्ट त्याच्या कमांड फेजला होते पण परिणाम त्याच्या पुढच्या कमांड फेजपर्यंत राहतो, म्हणजे मधला तुमचा अख्खा टर्न. निम्म्याच्या खाली गेलेलं युनिट टेस्ट फेल झालं की त्या बाजूने बिनधास्त जा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एकदा मावसभावाच्या तोंडावर निराशा दिसली तेव्हा कळलं.

बाकीचे इंटरप्ट त्यामानाने साधे, पण व्हेन लाइन वाचायची सवय नसेल तर तिथेही फसाल. गो टू ग्राउंड आणि स्मोकस्क्रीन (आडवं पडून आडोसा घेणं आणि धूर सोडणं) यांची वेळ म्हणजे शत्रूने टार्गेट निवडल्यावर लगेच. फासे पडायच्या आधी. पाच जखमा दिसल्यावर "अरे मी स्मोक लावतो" म्हणजे बैल गेला नि झोपा केला. यावर माझा नियम असा की टार्गेट सांगितलं की मी मनात दोन मोजते आणि विचारते, काही आहे का? मगच फासे. समोरचा नवा असेल तर हे केलंच पाहिजे, घाईघाईत फासे टाकून खिडकी बंद करणारे लोक मला आवडत नाहीत, स्पष्ट बोलते.

ओव्हरवॉच, म्हणजे समोरच्याच्या टर्नमध्ये मधेच गोळ्या झाडणं, एक सीपी, टर्नमध्ये एकदाच, 24 इंचांच्या आतल्या शत्रूवर, आणि हिट फक्त न बदललेल्या सहावर. दहा गोळ्यांत सरासरी दोन पण लागत नाहीत, म्हणून लोक हसतात. पण फ्लेमर (आग ओकणारी बंदूक) टॉरेंट असतो, त्याला हिट रोलच नाही, आपोआप लागतं. आणि हे चार्जलाच नाही, नुसतं चालायला सुरुवात केली किंवा चालून थांबलात तरी येतं. म्हणून फ्लेमरच्या 12 इंचांत मूव्ह संपवताना जरा घाबरा. दुसरं म्हणजे ओव्हरवॉच "तुझी शूटिंग फेज असल्यासारखं" असतं, पण शूटिंग फेजला ट्रिगर होणारे तुमचे बाकीचे रूल तिथे चालत नाहीत. एवढं पुरे.

दोन रूल एकाच क्षणी आले तर ज्याचा टर्न तो क्रम ठरवतो. राउंडच्या सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर दोघं फासा टाकतात, जिंकणारा ठरवतो. यावर भांडू नका, चहा गार होतो.

आता गुरूंबद्दल. प्रत्येक ग्रुपमध्ये एक दादा असतो, पीडीएफ न उघडता निकाल देणारा. आमच्याकडेही होता. गेम 1987 पासूनचा, दहा एडिशन झाल्यात, त्याच्या डोक्यात रूल एकावर एक साचलेत. आठव्यात ओव्हरवॉच फुकट होतं, नवव्यात त्याला सीपी लागायला लागला, पण दादा अजून "चार्ज केलास ना, मग मी मारणारच" म्हणून फुकट गोळ्या झाडायचा, आणि मी नवी, मला वाटायचं मोठे आहेत, बरोबरच असेल. तीन महिने मी आठव्या एडिशनच्या गोळ्या खाल्ल्या. माणूस वाईट नव्हता, रंगवायला त्यानेच शिकवलं, माझे निम्मे ब्रश त्याचेच. पण रूल विचारल्यावर जो पान उघडत नाही त्याच्याकडून रूल शिकू नका. व्हिडिओवरचे गेम पण तसेच, एडिटमध्ये ते बरोबर त्याच खिडक्या कापून टाकतात ज्या तुम्हाला बघायच्या असतात. एका पानाची चीटशीट मात्र करा, स्वतःच्या हाताने, मराठीत केली तरी चालेल, प्रत्येक स्ट्रॅटेजमची फक्त व्हेन लाइन. दुसऱ्याची डाउनलोड केलेली डोक्यात जात नाही.

मेंढीकोट खेळलेल्यांना हे खरं तर लवकर समजायला पाहिजे. हुकूम हातात आहे म्हणून कधीही टाकता येत नाही, चालू पान नसेल तेव्हाच. आम्ही लहानपणी पान लपवून हुकूम टाकणाऱ्याला चार पोरांनी मिळून धोपटलंय. तेच इथे, फक्त फासे जास्त आणि मॉडेल रंगवायला तीन आठवडे लागलेले.

घाबरू नका मात्र. दोन-तीनदा हरलात की हात आपोआप थांबतो. मला आता दोन चार्ज केले की आधी समोरच्याकडे बघायची सवय लागलीये. आम्ही सीपीला चिंचोके वापरतो, घरात असतातच, आणि नियम केलाय की ते टेबलवर उघडे ठेवायचे. मागच्या रविवारी मी ब्लेडगार्ड आणि इंटरसेसर दोन्ही पुढे काढले, त्याच्यासमोर एकच चिंचोका होता. मी खुशीत इंटरसेसर उचलले. तेवढ्यात मावशी म्हणाली, "अरे, तुझ्या मांडीखाली काय पडलंय ते?"