साइटमॅपमध्ये काय ठेवायचं, काय गाळायचं

साइटमॅप म्हणजे सर्च इंजिनमध्ये यावीत असं वाटणाऱ्या पानांच्या पत्त्यांची यादी. ती दिली म्हणून पानं इंडेक्स होतीलच, म्हणजे सर्च इंजिनच्या नोंदीत जातीलच, असं नाही. क्रॉलरला, म्हणजे साइट फिरून पानं वाचणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्रॅमला, ती पानं सापडायला मदत होते, इतकंच. साइट पाचशे पानांच्या आत असेल आणि होमपेजवरून लिंकमागून लिंक उघडत प्रत्येक पान गाठता येत असेल, तर साइटमॅपवाचून फारसं अडत नाही. साइट नवी असेल, बाहेरून कुणी लिंक दिलेली नसेल किंवा पानं हजारोंच्या घरात असतील, तर मात्र तो हवाच.

फाइल हाताने लिहायच्या फंदात पडू नका. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर) असेल, तर 5.5 आवृत्तीपासून ती आपोआप तयार होते, डोमेननंतर ‘डब्ल्यूपी-साइटमॅप.एक्सएमएल’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. पान सापडत नसेल तर आधी वाचनाच्या सेटिंगमध्ये जा. सर्च इंजिनांना साइटपासून लांब ठेवणाऱ्या चौकटीत टिक राहिली असेल, तर वर्डप्रेस साइटमॅप देतच नाही. साइट लाइव्ह करताना ही टिक काढायची हमखास राहून जाते. एसईओ प्लगइन (साइट सर्चमध्ये वर यावी म्हणून बसवलेलं जोड-सॉफ्टवेअर) स्वतःचा साइटमॅप बनवत असेल, तर तोच एक धरा.

आता खरं काम: यादी साफ करणं. यादीतला प्रत्येक पत्ता थेट 200 हा (पान नीट मिळालं असं सांगणारा) कोड देणारा हवा, त्यावर नोइंडेक्स (‘हे पान इंडेक्स करू नका’ ही खूण) नको आणि पानाच्या कॅनॉनिकलमध्ये (पानाचा मूळ पत्ता सांगणाऱ्या टॅगमध्ये) तोच पत्ता हवा. रीडायरेक्ट होणारे, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर नेणारे, जुने पत्ते, सर्चचे निकाल, फिल्टर लावून तयार होणारी पानं, एखादाच लेख असलेली टॅगची पानं, हे सगळं काढा. साइट एचटीटीपीएसवर गेली तरी यादीत एचटीटीपी राहतं, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या आणि नसलेल्या पत्त्यांचा घोळ होतो, तेही तपासा. एकीकडे ‘हे पान घ्या’ आणि दुसरीकडे ‘घेऊ नका’ असं सांगितलं, की क्रॉलरच्या फेऱ्या फुकट जातात.

साइटमॅपमधल्या प्रायॉरिटी (पानाचं महत्त्व) आणि चेंजफ्रीक (पान किती वेळा बदलतं) या दोन टॅगवर वेळ घालवू नका, गूगल ते वाचतच नाही. लास्टमॉड (पान शेवटचं कधी बदललं ती तारीख) मात्र वाचतं, तारखा खऱ्या असतील तर. फूटरमधलं वर्ष बदललं म्हणून सगळ्या पानांवर आजची तारीख चढवणाऱ्या साइटच्या तारखांवर पुढे विश्वास ठेवला जात नाही. मजकूर खरोखर बदलला तरच तारीख बदला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा.

एका फाइलमध्ये जास्तीत जास्त 50,000 पत्ते, आणि फाइल कॉम्प्रेस न करता 50 एमबीपर्यंत. त्यापुढे तुकडे करून वर इंडेक्स फाइल, म्हणजे त्या तुकड्यांच्या पत्त्यांची फाइल, लावायची. मर्यादा गाठली नसली तरी लेख, उत्पादनं, विभाग यांचे वेगळे साइटमॅप करणं फायद्याचं: सर्च कन्सोलच्या (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनाच्या) पानांच्या अहवालात साइटमॅप निवडता येतो, त्यामुळे नेमका कोणता गट इंडेक्सबाहेर राहतोय ते लगेच कळतं.

फाइल तयार झाली की रोबोट्स.टीएक्सटीमध्ये (क्रॉलरला सूचना देणाऱ्या साइटवरच्या फाइलमध्ये) ‘साइटमॅप’ शब्द, विसर्गासारखं चिन्ह आणि डोमेनसकट पूर्ण पत्ता, अशी एक ओळ इंग्रजीत टाका. मग सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप विभागात तोच पत्ता सबमिट करा. साइटमॅप बदलला असं गूगलला आपोआप कळवायचा, म्हणजे पिंग करायचा, जुना मार्ग 2023 मध्ये बंद झाला. ते करणारी स्क्रिप्ट असेल तर काढून टाका.

फाइल वाचता आली नाही असं दिसलं तर खासगी विंडोत ती उघडा. लॉगिनचं पान आलं, तर क्रॉलरलाही बहुधा तेच मिळतंय. तुमच्याकडे उघडत असेल तर फायरवॉल गूगलबॉटला (गूगलच्या क्रॉलरला) अडवतेय का ते पाहा. एक्सएमएलची चूक दाखवत असेल तर पहिल्या ओळीआधी रिकामी ओळ आहे का बघा. थीमच्या एखाद्या फाइलच्या शेवटी राहिलेली एक रिकामी जागाही पुरते. पत्त्यातलं ‘अँड’चं चिन्ह एस्केप न करणं, म्हणजे एक्सएमएलला चालेल अशा कोडमध्ये न लिहिणं, ही दुसरी नेहमीची चूक. देवनागरी पत्ते टक्केवारीच्या एन्कोडिंगमध्ये जातात आणि एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं, म्हणून स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) आखूड ठेवा.

सर्च कन्सोलमधून साइटमॅप डिलीट केला तरी गूगल तो विसरत नाही, फक्त अहवालातून तो जातो. कायमचा बंद करायचा असेल तर रोबोट्स.टीएक्सटीमधली ओळ काढा आणि फाइलच सर्व्हरवरून हटवा, म्हणजे त्या पत्त्यावर 404 (पान सापडलं नाही असा कोड) येईल.