‘अंतरा नको’ म्हणणाऱ्या बाईला आपण काय सांगितलं नव्हतं? या चुका टाळा

अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या दुसऱ्या डोसला बाई फिरकली नाही की रजिस्टरमध्ये ‘लाभार्थी तयार नाही’ लिहून आपण मोकळे. मीही लिहिलंय. घरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं : “सिस्टर, दोन महिने पाळीच नाही. ती घाण जाते कुठं?”

हे पहिल्या इंजेक्शनआधीच बोलायला हवं होतं. अंतरामुळे पाळी मागेपुढे होते, मधेच डाग लागतात आणि वर्षभरात बऱ्याच जणींची पाळी थांबते. गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, म्हणून बाहेर पडायला काही नसतं. मी विचारते, “भिंत सारवलीच नाही तर पोपडे कुठून निघणार?” बाई हसते, आणि पुढच्या तारखेला येते. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसपासून ७ ते १० महिने लागू शकतात, हेही तेव्हाच सांगा. लवकर चान्स घ्यायचा असेल तर तिला दुसरं साधन सुचवा.

तारखेचा घोळ तर आपणच घालतो. डोस दर ३ महिन्यांनी. पण ठरल्या तारखेआधी २ आठवडे ते नंतर ४ आठवडे चालतो. आठवडाभर उशिरा आलेलीला “पाळी आल्यावर ये” म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय. ज्या औषधाने पाळीच थांबते, तिथे पाळीची वाट कसली बघायची? आणि हो, टोचलेली जागा चोळू नका, शेकायलाही सांगू नका.

छाया ही गर्भनिरोधक गोळी रोज घेणाऱ्या बायका भेटतात, कारण जावेची माला-एन ही दुसरी गर्भनिरोधक गोळी रोजची असते. छाया पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा : पहिली गोळी रविवारी, तर दुसरी बुधवारी. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याच हाताने गोल करून घ्या.

माला-एन देण्याआधी बीपी मोजा. अंगावर पिणारं बाळ ६ महिन्यांच्या आतलं आहे का, टीबीची औषधं चालू आहेत का, हे विचारा. नवऱ्याची नसबंदी झाली तरी ३ महिने निरोध लागतोच.

आणि हे सगळं सासूसमोर विचारू नका. “ताईंचं वजन करायचंय, मावशी तुम्ही इथंच बसा,” एवढं म्हटलं तरी पडद्याआड पाच मिनिटं मिळतात. वजनकाट्यावर उभी राहूनच एकीने मला सांगितलं होतं, “तिसरं नकोच आहे मला.”