कॉपीराइट आणि मुक्त शैक्षणिक साहित्य: मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमापूर्वी शिक्षकांनी करावयाची तयारी

कॉपीराइटवरील अशा अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्यापूर्वी शिक्षकाने आपल्याच साहित्यातील एक स्वाध्यायपत्रिका, एक पीपीटी आणि यूट्यूबवर चढवलेला एखादा पाठ निवडावा. त्यांतील प्रत्येक चित्र, उतारा व नकाशा कोठून घेतला हे शेजारी लिहावे आणि आठवत नसेल तेथे प्रश्नचिन्ह करावे, कारण अभ्यासक्रमाचा खरा उपयोग त्या प्रश्नचिन्हांसाठीच असतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ छापून जवळ ठेवावे. परदेशी अभ्यासक्रमांत अमेरिकेतील ‘फेअर यूज’ची, म्हणजे परवानगीविना वाजवी वापर करू देणाऱ्या लवचीक तत्त्वाची, चर्चा वारंवार येते, आपल्याकडे मात्र कायद्याने अपवादांची यादीच दिली आहे. त्या यादीनुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल आणि प्रश्नपत्रिकेतील उतारा यांनी हक्कभंग होत नाही, आणि दिल्ली विद्यापीठातील, पुस्तकांतील उताऱ्यांच्या झेरॉक्स संचांच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ बराच व्यापक लावला. तरीही वर्गातली ही मुभा इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या चित्रफितीलाही मिळते, असे गृहीत धरू नये.

मराठीच्या शिक्षकांनी लेखकांच्या मृत्यूची वर्षेही टिपून ठेवावीत. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क टिकतो. त्यामुळे १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून खुले आहे, तर पु. ल. देशपांडे यांच्या लेखनावरील हक्क २०६० अखेरपर्यंत राहील.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर इतरांना आपले साहित्य वापरू देण्याच्या, सहा परवान्यांची तोंडओळख आधीच करून घ्यावी. इंग्रजी साहित्य मराठीत आणणाऱ्यांनी तर ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल करून वाटण्यास मनाई) हे चिन्ह आधी शोधावे, कारण ते असल्यास भाषांतर इतरांना वाटता येत नाही, मग मूळ साहित्य कितीही सहज उतरवून घेता येवो. ‘एसए’ (शेअर अलाइक) असल्यास भाषांतरही त्याच परवान्याखाली द्यावे लागते. श्रेयाच्या ओळीत शीर्षक, कर्ता, मूळ दुवा आणि परवाना या चार गोष्टी असाव्यात. निव्वळ ‘साभार: गूगल’ लिहिल्याने काहीही साधत नाही.

शुल्काची चौकशीही आधीच करावी. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर शिकणे मोफत असले तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमालाही शुल्क आहे, मात्र त्याचे वाचनसाहित्य मुक्त परवान्याखाली कोणालाही मिळते, आणि ज्यांना केवळ विषय समजून घ्यायचा आहे त्यांना तेवढे पुरते.