एकाच थीसिसमध्ये एन (नोंदींची संख्या) ४१२ पण आणि ३८८ पण (कॅशची गंमत)

आर मार्कडाउनमध्ये (आर या स्टॅटच्या प्रोग्रामिंग भाषेसोबत वापरायचं रिपोर्ट लिहिण्याचं टूल) थीसिस किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचं ज्यांनी नुकतंच ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितेय. एम.एस्सी. स्टॅटच्या शेवटच्या सेमला मी यात चांगलीच तोंडावर आपटले होते.

कोड आणि लिखाण एकाच फाइलमध्ये, ही आयडिया जुनी आहे, डोनाल्ड क्नूथने १९८४ मध्ये लिटरेट प्रोग्रामिंग नावाने मांडली होती. आपण वापरतो ते निटर (आर मार्कडाउनमधला कोड चालवणारं पॅकेज), क्वार्टो, ज्युपिटर (अशीच दुसरी टूल्स) म्हणजे त्याचीच पुढची पोरं. फायदा उघड आहे, आकडा हाताने टाइप करायचा नाही, कोड चालतो आणि आकडा आपोआप वाक्यात येऊन बसतो. त्रास पण उघड आहे, एक स्वल्पविराम बदलला तरी निट करताना (म्हणजे फाइलमधून पीडीएफ किंवा एचटीएमएल बनवताना) सगळा कोड पहिल्यापासून पळतो. माझा डेटा तालुकावार पावसाचा, त्यावर मॉडेल आणि मॉडेलवर बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा रँडम नमुने काढून तेच गणित करणं), एका वेळेला ४० मिनिटं. दोन दिवस सहन केलं, मग एका सीनियरने सांगितलं की चंकवर (फाइलमधल्या कोडच्या तुकड्यावर) कॅश ट्रू टाक, म्हणजे त्याचं उत्तर डिस्कवर साठून राहतं. टाकलं, निट वीस सेकंदात, मी खूश.

मग मॅडमनी डेटा बघितला तर त्यात काही तालुके दोन वेगवेगळ्या स्पेलिंगने दोनदा आलेले. मी एक्सेलमध्ये बसून डुप्लिकेट काढले, त्याच नावाने सीएसव्ही सेव्ह केली, परत निट केलं, पीडीएफ पाठवून दिली. संध्याकाळी मॅडमचा फोन, "अगं, दुसऱ्या चॅप्टरमध्ये एन ३८८ लिहिलायस आणि चौथ्यातल्या टेबलात ४१२, नक्की किती?" मला पहिल्यांदा वाटलं त्याच जुनी पीडीएफ बघतायत.

झालं असं की डेटा वाचणारा चंक कॅश नव्हता, त्याने नवीन फाइल वाचली. मॉडेलचा चंक कॅश होता आणि त्याच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. निटर चंकचा कोड आणि ऑप्शन्स यांचा मिळून एक हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढतो, तो मागच्यासारखाच असेल तर चंक चालवतच नाही, डिस्कवरचं जुनं उत्तर उचलून आणतो. चंकमध्ये जो डेटा वापरलाय तो वरून बदलून आलाय का, हे तो स्वतःहून बघत नाही. उलट फिगरची रुंदी बदलली की मात्र ऑप्शन बदलला म्हणून पूर्ण चंक परत. म्हणून मॉडेल एका चंकमध्ये आणि प्लॉट दुसऱ्यात ठेवा, नाहीतर नुसता ग्राफ मोठा करायला ४० मिनिटं बसाल.

उपाय आहे, पण अर्धवट केला तर उपयोग नाही. मी आधी मॉडेलच्या चंकवर डिपेंड्सऑन लावून वाचणाऱ्या चंकचं नाव दिलं आणि काही झालंच नाही, कारण ज्याच्यावर अवलंबून आहे तो चंक पण कॅश असावा लागतो. मग वाचणारा चंक कॅश केला, त्याच्या कॅश एक्स्ट्रा ऑप्शनमध्ये सीएसव्हीचा एमडी५ (फाइलचा तसाच ठसा) दिला (टूल्स पॅकेजमध्ये एमडी५सम फंक्शन आहेच). आता फाइल बदलली की एमडी५ बदलतो, वाचणारा चंक परत चालतो, आणि त्याच्यावर टांगलेल्या मॉडेलचा जुना कॅश पण उडतो. ऑटोडेप नावाचा ऑप्शन पण आहे, तो व्हेरिएबल बघून ही नाती स्वतः लावायचा प्रयत्न करतो, पण मला हाताने लिहिलेलं बरं वाटतं.

चंकला नावं द्या, प्लीज. नाव नसेल तर निटर नंबर देतो, वर एक नवीन चंक घुसवला की सातचा आठ होतो आणि खालचे सगळे कॅश वाया. सेट सीड (रँडम आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून लिहायची ओळ) वेगळ्या चंकमध्ये ठेवू नका, जिथे रँडम काम आहे तिथेच आत लिहा. आणि ऑप्शन्स, ग्राफची थीम असल्या सेटिंगवाला चंक कधीच कॅश करू नका, कॅश ऑब्जेक्ट साठवतो, सेटिंग साठवत नाही, दुसऱ्या वेळी ग्राफ परत करड्या बॅकग्राउंडवर येतो आणि माणूस तासभर डोकं खाजवतो.

क्वार्टोवाल्यांनी फार हसू नये. तिथे फ्रीझ ऑटो केलं की पूर्ण प्रोजेक्ट रेंडर (तिथलं निट) करताना सोर्स फाइल बदलली असेल तरच कोड चालतो, डेटा बदललेला त्यालाही कळत नाही. एकच फाइल रेंडर केली तर मात्र कोड चालतो, हे माहीत असू द्या. ज्युपिटरमध्ये वेगळंच, तिथे कर्नलच्या (मागे कोड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) डोक्यात सगळं राहतं, सेल (तिथला चंक) डिलीट केला तरी व्हेरिएबल जिवंत, म्हणून कुणाला पाठवायच्या आधी रीस्टार्ट करून सगळे सेल पहिल्यापासून पळवायचे.

माझा अजून एक गाढवपणा सांगते. आर मार्कडाउन एचटीएमएल आणि पीडीएफचे कॅश वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. डुप्लिकेटचं निस्तरल्यावर मी महिनाभर फक्त एचटीएमएल बघत होते, सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला पीडीएफ काढायला गेले आणि बूटस्ट्रॅप परत पहिल्यापासून सुरू. पण बरंच झालं म्हणायचं, तसंही शेवटच्या कॉपीआधी कॅश उडवायचाच असतो (आरस्टुडिओच्या निट बटणाच्या मेन्यूत क्लिअर निटर कॅश आहे). सव्वाबारानंतर पीडीएफ आली, सर्च मारून ४१२ शोधलं, एकदाच सापडलं आणि तो एका तालुक्याचा पाऊस होता.