कोल्हापुरात कामाला आलात? पाठीच्या कण्याला मार बसला तर काय करायचं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत आपल्या मराठवाड्याची पोरं येतात, जुनी दुचाकी घेतात आणि रात्रपाळीला महामार्गावरून जायला लागतात. ऊस हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. म्हणून हे लिहितोय.

कोल्हापूरची माणसं जखमीला बघून थांबतात, हा मोठा गुण. पण घाईत हातापायाला धरून रिक्षात घालतात, आणि कणा मोडला असेल तर त्या ओढाताणीत मज्जारज्जूला आणखी इजा होते. पाय बधिर असतील, हलत नसतील, तर त्याला उठवून बसवू नका. १०८ ला फोन करा. हलवणं भागच असेल तर एकानं डोकं-मान स्थिर धरावी, तिघांनी खांदा, कंबर, पाय धरून सगळं अंग एकदम कुशीवर वळवावं आणि खाली फळी सरकवावी. सीपीआर म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय. रस्ता अपघातात केंद्र सरकारच्या कॅशलेस योजनेतल्या रुग्णालयात ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. दाखल होतानाच विचारा. हाडवैद्याकडे मात्र अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोलिसांची झंझट नको म्हणून आपली माणसं केसपेपरवर ‘गाडीवरून घसरून पडला’ असं सांगतात. मुकादमही तेच सुचवतो. असं करू नका! भरपाई मागायला गेलात की धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील पुढं तोच कागद कोर्टात दाखवतो. धडक कुणी दिली, गाडीचा नंबर काय, हे पहिल्याच नोंदीत आलं पाहिजे. एमएलसी (दवाखान्यानं पोलिसांसाठी करायची अपघाताची नोंद) झाली का ते विचारा, पोलिसांत जबाब द्या. आणि दवाखान्यात कुणी रोख रक्कम देऊन ‘तक्रार नाही’वर सही मागितली, तर करू नका. पंचवीस-तीस हजारांचा मोह किती महाग पडतो ते बघा: वय २८, पगार १५ हजार, कमाई पूर्ण बंद झाली, तर १५,००० गुणिले १२ महिने गुणिले १७ (या वयाला कोर्ट लावतं तो गुणक), म्हणजे ३० लाख ६० हजार फक्त बुडालेल्या कमाईचे. उपचार, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वेगळा.

नुकसानभरपाईचा दावा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, अपघातापासून ६ महिन्यांच्या आत टाका. इथं राहत असल्याचा भाडेकरार असला की गावाकडं जायची गरज नाही. पगार रोख घेत असाल तर आजपासून खात्यावर मागा, नाहीतर कमाई सिद्ध करणं अवघड जातं. पावत्या मूळ ठेवा. टक्केवारीवर वकील ठरवू नका, ते नियमात बसत नाही. स्त्रिया, अपंग आणि कारखान्यातल्या कामगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

घरी आणल्यावर दर २ तासांनी कूस बदला, नाहीतर शय्याव्रण, म्हणजे पडून राहून अंगाला जखमा, होतात. निकालात रक्कम कमी आली तर अपिलासाठी मुंबई गाठायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.