शाळेच्या भिंतीसाठी मुलांकडून सिरॅमिक टाइल्स कशा करून घ्यायच्या (बडोदेकरांसाठी)

बडोद्यात कलाकार शोधायला लांब जावं लागत नाही, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समधून सिरॅमिक शिकून इथेच स्टुडिओ काढलेले बरेच जण आहेत, सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट्ट यांनी तिथे कित्येक वर्षं शिकवलंय. बोलणी करताना आधी भट्टीचं विचारा, स्वतःची आहे का, एका वेळी किती टाइल्स मावतात, भाजणीचा खर्च कोण देणार. आणि मुलांच्या कामावर कुणी मोठ्यांनी हात फिरवायचा नाही हे तेव्हाच ठरवून टाका. मुलाने केलेल्या मगरीचं तोंड वाकडं झालं असेल तर वाकडंच भिंतीवर जाऊ दे, आपण सरळ केलं की मुलाला लगेच कळतं आणि मग त्याला त्यात रस राहत नाही.

हिशोब असा. साधारण 6 फूट बाय 4 फूट भिंतीला 6 इंची 96 टाइल्स लागतात. वर्गात 40 मुलं असतील तर प्रत्येकी दोन, उरलेल्या 16 आजी-आजोबांना, शाळेतल्या मावशींना, वॉचमनकाकांना द्या, त्यांच्याशिवाय ती भिंत सगळ्यांची कशी होणार? माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण 10 टक्के आटते, म्हणून ओली टाइल पावणेसात इंचाची कापा. एकेका टाइलला पाऊण किलो माती धरा.

पावसाळ्यात हे काम काढू नका, माती वाळतच नाही. दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करा, म्हणजे उत्तरायणाच्या आत भिंत होते.

सुरुवातीला मुलांना तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं आणि कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची चित्रं दाखवून आणा, भिंतीवर गोष्ट कशी सांगतात ते बघून कळतं. मग विषय त्यांनाच निवडू द्या, सूरसागर तलाव, वडाचं झाड, खंडेराव मार्केटमधली भाजीवाली, आणि विश्वामित्री नदीतली मगर तर येणारच.

माती मळून हवा काढायचं काम कलाकार ताई-दादांकडे ठेवा. मुलांनी जुन्या सुती कापडावर, दोन्ही बाजूंना 1 सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटायचं, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. आज्यांना घरातलं शंकरपाळ्यांचं कातणं, सोऱ्याच्या चकत्या, मोदकाचा साचा घेऊन बोलवा. कातण्याने कडेला झकास नागमोडी रेघ येते आणि शेवेची चकती दाबली की मगरीची खरखरीत कातडी तयार, हे बघून मुलं आज्यांना सोडतच नाहीत.

जोडकाम मात्र नीट शिकवा. मगरीच्या पाठीवरचे काटे नुसते चिकटवले तर वाळताना गळून पडतात. दोन्हीकडे काट्याच्या चमच्याने रेघा मारायच्या, मातीचा दाट घोळ लावायचा आणि दाबून बसवायचं. दोन सेंटीमीटरपेक्षा जाड भाग खालून पोकळ करा, आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होऊन टाइल फुटते आणि शेजारच्यांचीही नासधूस करते. मागच्या बाजूला खोल चरे पाडा आणि नंबर कोरा, पेनाने लिहिलं तर भट्टीत जळून जातं. नंबरासमोर नाव वहीत.

वाळवायला उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका, कडा आधी सुकतात आणि टाइल पापडासारखी वळते. वर्तमानपत्रावर ठेवून प्लॅस्टिकने सैल झाकायचं, दोन आठवडे तरी.

पहिली भाजणी 950 डिग्रीच्या आसपास, दुसरी ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावल्यावर, ती कितीवर ते माती आणि ग्लेझ बघून कलाकार ठरवतील. ग्लेझ शिसं नसलेलंच घ्या आणि त्याची पावडर मुलांनी कालवायची नाही. कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळपट दिसतं, भाजल्यावर गडद निळं होतं, त्यामुळे भाजलेले नमुने समोर ठेवूनच रंगवायला द्या. टाइलच्या पाठीला ग्लेझ लागलं तर ती भट्टीच्या फळीला चिकटते, ते ओल्या स्पंजने पुसून घ्या. वर्गसुद्धा ओल्या फडक्यानेच पुसायचा, झाडू नका, मातीची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट.

लावायच्या आदल्या दिवशी सगळ्या टाइल्स जमिनीवर मांडून फोटो काढा, कुठली कुठे ते मुलांना भांडून ठरवू द्या. भिंत ओल न येणारी हवी. गवंड्याला टाइल अ‍ॅडहेसिव्हच वापरायला सांगा आणि मध्ये 5 मिलिमीटर फट सोडायला सांगा, कारण हाताच्या टाइल्स एकसारख्या नसतात. फटींमध्ये ग्राउट (फटी बुजवायचा मसाला) भरलं की नक्षीत गेलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा, ग्लेझ नसलेली जागा ते शोषून घेते आणि मग निघत नाही.